सावित्रीबाईंना राग आला नसेल का? (मुलांना इतिहासातल्या स्त्रिया पुस्तकांतून कशा भेटवाव्यात)

लिंबोणी | ४ जानेवारी, रात्री १०:४०

काल शाळेत बालिका दिन, म्हणजे सावित्रीबाई फुल्यांची जयंती होती. आमची लेक तिसरीत आहे, ती सावित्रीबाई झाली होती. कपाळावर आडवं कुंकू, अंगावर आजीचं सुती लुगडं कापून शिवलेली नऊवारी आणि हातात पाटी. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो" इथपासून "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" इथपर्यंत सगळं भाषण न अडखळता म्हटलं. बक्षीसही मिळालं. मला खूप कौतुक वाटलं.

घरी येऊन मी तिच्या पदराच्या टाचण्या काढत होते. ती आरशात बघत म्हणाली, "आई, शिकवायला जाताना लोकांनी शेण मारलं तेव्हा त्यांना राग नाही का आला? घरी येऊन रडल्या का?"

मला उत्तर देता आलं नाही. भाषणात "त्या डगमगल्या नाहीत" एवढंच होतं, आणि ते मीच लिहून दिलं होतं. रात्री घरातली पुस्तकं काढून बसले. वाढदिवसांना आलेल्या थोर स्त्रियांच्या पाच पुस्तिका आहेत. जिजाऊ, अहिल्याबाई, झाशीची राणी, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी. पाचही सारख्याच. जन्म, बालपणापासूनच हुशार, विवाह, कार्य, निधन. नावं बदलली तर कुठलं पान कुठल्या बाईचं ते ओळखता येणार नाही. लेकीने पाचही एकदाच वाचल्या, पुन्हा हात लावला नाही. आणि तोत्तोचान या जपानी शाळकरी मुलीचं पुस्तक मात्र शिवण उसवेपर्यंत वाचलंय.

तर विचारायचं आहे की तुम्ही मुलांना या बायका कशा भेटवल्या? कुठल्या वयात काय वाचून दाखवलं? दुःखाच्या गोष्टी सांगितल्या की गाळल्या?

घाटमाथा | ४ जानेवारी, रात्री ११:०५

फार जवळचा विषय. वाचनखूण साठवली आहे. पाटी हातात दिलीत हे आवडलं, आमच्याकडे सगळ्यांच्या हातात पुठ्ठ्याचं पुस्तक असतं.

दिवेलागण | ५ जानेवारी, सकाळी ७:१५

लिंबोणीताई, मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. तुमच्या लेकीच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते खुद्द सावित्रीबाईंच्या हातचं आहे.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचं समग्र वाङ्मय काढलेलं आहे. त्यात जोतीरावांना लिहिलेली पत्रं आहेत. पहिलं पत्र ऑक्टोबर १८५६ चं. त्या आजारी होत्या म्हणून माहेरी, नायगावला होत्या. तिथे भावाने ऐकवलं की तू आणि तुझा नवरा महारमांगांसाठी काम करता, हे आपल्या कुळाला शोभत नाही, जातीच्या रूढीप्रमाणे वागा. त्यावर बाईंनी भावाला जे सुनावलं ते त्या पत्रात आहे. तू गाईला-बकरीला कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि माणसासारख्या माणसाला शिवत नाहीस, याचं कारण काय ते सांग.

आता मला सांगा, यात राग नाही? आजारातून सावरत असलेली पंचवीस वर्षांची बाई भावाशी भांडते आहे. मुलांना भावाबहिणीचं भांडण लगेच कळतं. मी चौथीच्या वर्गात हे पत्र सोपं करून वाचायचे. नागाला दूध पाजण्याचा भाग आला की वर्गात एकदम शांतता. मग कोणीतरी हळूच म्हणायचं, "बाई, आम्ही पण पाजतो."

दुसरं पत्र १८६८ चं. त्याबद्दल नंतर लिहीन, ते जरा मोठ्या मुलांसाठी आहे.

आणि तिसरीच्या मुलीला सुरुवातीला कविता द्या. 'काव्यफुले' १८५४ साली आलं, म्हणजे तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या. त्यात पिवळा चाफा आहे, जाईचं फूल आहे, फुलपाखरू आहे. शेणाच्या आधी मुलीला त्यांचा चाफा दिसू द्या.

सह्यकडा | ५ जानेवारी, सकाळी ९:३०

दिवेलागणकाकू, "शेणाच्या आधी चाफा" हे वहीत लिहून ठेवलं.

कुरुंद | ५ जानेवारी, सकाळी ११:२०

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. आठ वर्षांच्या मुलीला जातीपातीचं, बालविवाहाचं, मारहाणीचं आत्ता कशाला? ती वेळ येणारच आहे. या वयात धाडस कळू द्या, मोठेपण कळू द्या. मी माझ्या मुलीला अहिल्याबाईंपासून सुरुवात करून दिली. सती, पानिपत, मुलाचा मृत्यू हे सगळं बाजूला ठेवलं. घाट, विहिरी, मंदिरं आणि माहेश्वरी साड्या एवढंच सांगितलं. गेल्या मे महिन्यात महेश्वरला नेलं. राजवाड्यात त्यांची गादी आहे. पांढरी, साधी बैठक. लेक म्हणाली, "राणीची खुर्ची कुठाय?" म्हटलं, हीच. ती बराच वेळ उंबऱ्यापाशी उभी राहिली. तो क्षण तिला शंभर पुस्तकांनी दिला नसता. आधी आदर, मग दुःख.

चिंचबन | ५ जानेवारी, दुपारी १:४५

कुरुंद, महेश्वरचा प्रसंग सुंदर आहे. पण "ती वेळ येणारच आहे" यावर बोलायचं आहे.

आमच्या घरात ती वेळ कोणी ठरवत नाही. माझ्या मुलाला पहिलीत असताना वर्गातल्या एका मुलाने विचारलं की तुम्ही कोण. कोण म्हणजे काय, ते त्याला कळेना. घरी येऊन मला विचारलं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. काही मुलांना हे पुस्तकातून दहाव्या वर्षी कळतं, काहींना डबा खाताना सहाव्या वर्षी कळतं. मग एकाच बाकावर बसलेल्या दोघांनी ते एकाच पुस्तकातून वाचलेलं काय वाईट?

आणि लिंबोणीताई, तुमच्या त्या पाच पुस्तिकांत मुक्ता साळवे नाही. कुठल्याच संचात नसते. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी. १८५५ साली तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ही काही "थोर स्त्री" नव्हती, शाळकरी मुलगी होती! तुमच्याआमच्या मुलांसारखी पाटी-दप्तरवाली. तिने सरळ विचारलंय की आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता? आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, हेही लिहिलंय.

मी तो निबंध लेकाला आठव्या वर्षी वाचून दाखवला. दोन-तीन शब्द समजावावे लागले, बाकी सगळं कळलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "तिला निबंधाला किती मार्क मिळाले?" मी म्हटलं, पावणेदोनशे वर्षांनी तू वाचतोयस, एवढे मिळाले.

लिंबोणी | ५ जानेवारी, दुपारी २:१०

चिंचबन, हे वाचून डोळे भरून आले. मुक्ताचा निबंध मी स्वतः वाचलेला नाही. आज शोधते.

कुरुंद | ५ जानेवारी, संध्याकाळी ६:००

चिंचबन, तुमचं म्हणणं मनाला लागलं. माझ्या घरात मी "वेळ" ठरवू शकतो, ही सवलत आहे, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. मुक्ता साळवे माझ्या मुलीला वाचून दाखवेन. बारीकसारीक क्रूर तपशील लहान वयात टाळावेत, हे मत मात्र अजून आहे.

सह्यकडा | ५ जानेवारी, रात्री ८:३०

मला दोन मुलगे आहेत, नऊ आणि बारा वर्षांचे, आणि आपल्याकडे एक गंमत होते. मुलीला वाढदिवसाला सावित्रीबाई, मुलाला तानाजी. माझ्या मुलांना कोणी कधी बाईचं चरित्र दिलंच नाही. मग बायका म्हणजे मुलींच्या वाचायच्या गोष्टी, असं त्यांच्या डोक्यात आपोआप बसतं.

आमच्याकडे दार उघडलं महाराणी ताराबाईंनी. धाकट्याला फक्त लढाया आवडतात. म्हटलं, ठीक आहे, लढाईच घे. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाई तेव्हा पंचविशीच्या. समोर औरंगजेब, स्वतः दख्खनेत ठाण मांडून. आम्ही भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा लावला आणि रंगीत टाचण्या आणल्या. बादशहाने किल्ला घेतला की हिरवी टाचणी. १७०० सातारा, १७०१ पन्हाळा, १७०२ विशाळगड, १७०३ सिंहगड, १७०४ राजगड आणि तोरणा. मुलाचा चेहरा उतरत चालला. "बाबा, आपण हरतोय." मग मराठ्यांच्या फौजा माळव्यात आणि गुजरातेत कुठवर पोचल्या तिथे भगव्या टाचण्या लावल्या. आणि बादशहा हलला की मराठे किल्ले परत घ्यायला लागायचे, ते बघून तो उड्याच मारायला लागला. १७०७ साली बादशहा अहमदनगरला मेला, तिथे त्याने काळी टाचणी लावली.

महिनाभर हा खेळ चालला. त्या महिन्यात ती बाई आहे याचं नवल दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. "ताराराणी आता काय करणार?" एवढाच प्रश्न. मला हेच हवं होतं.

गावकूस | ५ जानेवारी, रात्री ९:५०

सह्यकडा, तुमची नकाशाची युक्ती आमच्या वाचनालयासाठी उचलतो आहे.

मी तालुक्याच्या गावी एक छोटं वाचनालय सांभाळतो. संध्याकाळी ५ ते ८. मुलांचं कपाट वेगळं आहे. लिंबोणीताईंनी म्हटलेल्या पुस्तिका आमच्याकडे चाळीसेक आहेत. बत्तीस पानं, पिन मारलेली, कव्हरवर चेहऱ्यामागे तेजोवलय. नोंदवही काढून पाहिली. त्या फक्त डिसेंबरअखेर आणि जानेवारीत जातात, म्हणजे भाषणासाठी. बाकी दहा महिने तशाच पडून. त्याच कपाटातले 'किशोर'चे जुने बांधीव अंक मात्र फाटून पुन्हा शिवलेत. 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक आता घरबसल्या फुकट वाचता येतात. त्यात चरित्रं येतात, पण गोष्टी, कोडी आणि कवितांच्या मधे येतात. वाचायला बसलेलं पोर बाईला वाटेत भेटतं. मला वाटतं मुलांना माणसं अशी वाटेत भेटली पाहिजेत. समोर पाटावर बसवून "ही थोर, हिला नमस्कार कर" म्हटलं की पोरं नमस्कार करतात आणि खेळायला पळतात.

अंगतपंगत | ५ जानेवारी, रात्री १०:१५

वाटेत भेटण्यावरून. आमच्याकडे लक्ष्मीबाई टिळक जेवणाच्या ताटावर भेटल्या. 'स्मृतिचित्रे' मी स्वतःसाठी वाचत होते. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊनच घरात घ्यायची, मीठसुद्धा. हे मी वरणभात कालवता कालवता मुलांना सांगितलं. मुलगा म्हणाला, "मीठ धुतलं तर उरेल काय?" आणि दोघं भावंडं लगेच वाटीत मीठ घेऊन नळाखाली. मग म्हणाले, पुढे वाच. तीन महिने रोज रात्री दोन-दोन पानं वाचली. मूळ पुस्तक, मुलांसाठी सोपं केलेलं नव्हे. मुलगा दहाचा, मुलगी सातची. लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक, घर सोडून निघून जातात तेव्हा मुलगी त्यांच्यावर चिडायची, आणि लक्ष्मीबाई आपलीच फजिती सांगायला लागल्या की दोघं लोळायची.

मोठ्यांच्या आत्मचरित्रांना घाबरू नका. त्या पिढीच्या बायका बोलल्यासारखं लिहायच्या, ते वाचून दाखवायलाच लिहिल्यासारखं आहे. रमाबाई रानड्यांच्या आठवणीही अशाच. घरातल्या बायका इंग्रजी शिकते म्हणून टोमणे मारतात, आणि ही दिवसभर ते सोसून रात्री पुन्हा पुस्तक उघडते. माझ्या मुलीला त्यातल्या सगळ्या नणंदा-सासवा तोंडपाठ झाल्यात.

निळाई | ६ जानेवारी, सकाळी ८:२०

दुःख सांगावं की गाळावं, यावर माझा अनुभव. आमच्या घरी आनंदीबाईंवरून मोठं रामायण झालं.

मुलगी सहावीत. तिने आनंदीबाई आणि गोपाळरावांची गोष्ट आधी ऐकली ती "पत्नीला डॉक्टर करणारा आदर्श पती" अशी. आवडली. मग मी तिला सांगितलं की अभ्यासासाठी गोपाळराव तिला मारायचे, लाकडाने, पुस्तकं आणि खुर्ची फेकून. हे आनंदीबाईंनी स्वतः पत्रात लिहिलेलं आहे. माझ्या सासूबाईंना ते आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, त्याच्याशिवाय ती अमेरिकेला गेली असती का? मग चांगल्याचं वाईट कशाला सांगायचं? मुलगी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी आजीला म्हणाली, "आजी, त्याने तिला शिकवलं हे खरं आणि मारलं हेही खरं. ती दोन्ही लिहून गेली, मग आपण एकच का सांगायचं?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री त्यांनी स्वतःच्या शाळेची गोष्ट सांगितली, जी मी लग्नाच्या चौदा वर्षांत ऐकली नव्हती. सातवीनंतर शाळा सोडायला लावली तेव्हा त्यांनी पुस्तकं धान्याच्या कणगीत लपवली होती. मुलगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती.

कुरुंद, मुलं क्रूरपणाने कोमेजून जातात असं मला वाटत नाही. आपण जवळ बसलेलं असलं पाहिजे, एवढंच.

मांडवी | ६ जानेवारी, सकाळी १०:००

निळाई, आजीची कणगी वाचून अंगावर काटा आला. ती गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून काढा हो, कुणीतरी वाचेल पुढे.

मी गोव्याची. आमच्या मुलांच्या पुस्तकांत सगळ्या स्त्रिया घाटावरच्या असतात. म्हणून लिबिया लोबो सरदेसाई यांचं नाव टाकते. १९५५ च्या नोव्हेंबरपासून १९६१ पर्यंत आंबोली आणि कॅसलरॉकच्या रानातून गुप्त रेडिओ चालवला, कोंकणी आणि पोर्तुगीजमधून. साप, पाऊस, जळवा, आणि रोज ठरल्या वेळी आवाज गेलाच पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, ती बातमी त्यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर सांगितली. माझ्या भाच्यांना सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न, "रानात बॅटरी कशी चार्ज करायचे?" त्या एका प्रश्नावर आमची अख्खी संध्याकाळ गेली. मुलांना शौर्यापेक्षा बॅटरी आधी दिसते आणि त्यात काहीच चूक नाही.

घाटमाथा | ६ जानेवारी, सकाळी १०:३०

बॅटरीचं उत्तर काय दिलंत? आमच्याकडेही तोच प्रश्न येणार आहे :)

रानवाट | ६ जानेवारी, रात्री ११:५५

न्यू जर्सीहून. इथे मराठी शाळेत शनिवारी शिकवते. मुलांना मराठी वाचता येतं, पण अडखळत. "बालपणापासूनच कुशाग्र बुद्धीची" हे वाक्य वाचायला त्यांना पूर्ण मिनिट लागतं आणि हाती काही येत नाही.

आनंदीबाईंची गोष्ट मात्र आमच्या अंगणातलीच आहे. त्यांना इथे बोलावणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर न्यू जर्सीतल्या रोझेलच्या. मी मुलांना प्रथम पुस्तक दिलंच नाही, एक फोटो दिला. १८८५ चा, फिलाडेल्फियाच्या कॉलेजातला. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात. नऊवारीत आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली. काही न सांगता पाच मिनिटं फक्त बघा म्हटलं. एका मुलीने विचारलं, "या तिघी डबा एकत्र खात असतील का? कुणाच्या डब्यात काय असेल?" या मुलांना शाळेत डब्यातल्या भाजीच्या वासावरून ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे आनंदीबाई इथे काय खात असतील, त्यांना थंडी कशी सोसली असेल, हे त्यांना आतून विचारायचं असतं.

मग उन्हाळ्यात आम्ही पंधरा मुलं घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला, आनंदीबाईंच्या स्मृतिशिळेपाशी गेलो. मार्च १८८६ मध्ये पदवी, त्याच वर्षी परत, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने मृत्यू. बावीसही पूर्ण नव्हती. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, त्यांनी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. दगडावर लिहिलंय की शिक्षणासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री. मुलांनी आपापल्या अडखळत्या मराठीत एकेक ओळ लिहून आणली होती, ती दगडापाशी वाचली. एका नऊ वर्षांच्या मुलाची ओळ होती, "तू घरी पोचलीस ते बरं झालं." मला पुढे बोलता येईना.

दिवेलागण | ७ जानेवारी, सकाळी ६:५०

रानवाट, सकाळी चहा घेताना वाचलं. चहा तसाच राहिला.

नोंदवही | ७ जानेवारी, दुपारी १२:३०

एक विनंती सगळ्यांनाच. काय नोंदलेलं आहे आणि काय सांगोवांगी आहे, हे मुलांना वेगळं करून सांगा. थोर बायकांच्या नावावर नंतरच्यांनी रचलेले संवाद फार फिरतात, आणि भाषणांत तेच जास्त असतात. मी माझ्या मुलांना तीनच शब्द शिकवलेत. "लिहिलेलं आहे", "सांगतात", "असेल". शेणाची गोष्ट कोणी सांगितली, आठवण म्हणून की पत्रात, हे लिंबोणीताईंची लेक विचारायला शिकली की सगळा इतिहास शिकली. माझी धाकटी आता मलाच विचारते, "बाबा, हे लिहिलेलं की सांगतात?"

जांभूळवाडी | ७ जानेवारी, दुपारी ३:४०

विज्ञानवाल्या कोणीच नाहीत का यादीत? कमला सोहोनी! १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. पदवीला पहिल्या आलेल्या, तरी सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या जाऊन थडकल्या, सत्याग्रह करीन म्हणाल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून, वर्षभर नियमित विद्यार्थी धरणार नाही अशा. ती अट त्यांनी आयुष्यभर अपमान म्हणून लक्षात ठेवली. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट. पुढे मुंबईत नीरेवर, म्हणजे ताडाच्या गोड रसावर, काम केलं, गरिबाच्या मुलाला स्वस्तात पोषण मिळावं म्हणून. दुर्गा भागवतांची ही सख्खी बहीण.

माझ्या मुलाच्या खोलीत रामनांचं चित्र आहे. हे ऐकून त्याने विचारलं, "मग चित्र काढू का?" खूप वेळ बोललो आम्ही. चित्र ठेवलं. शेजारी कमलाबाईंचं लावलं.

कुरुंद | ७ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

शेजारी लावलेलं चित्र. निळाईंच्या मुलीचं "दोन्ही खरं" तेच ना हे. मी काल मुलीला मल्हाररावांच्या मागे अहिल्याबाईंचा मुलगाही वर्षभरात गेला, हे सांगितलं. तिने विचारलं, "मग त्यांनी दुसऱ्या दिवशी काय केलं?" दरबारात बसल्या म्हटलं. "असेल" की "लिहिलेलं", असं नाही विचारलं तिने, मीच मनात विचारलं.

चिंचबन | ७ जानेवारी, रात्री ८:००

कुरुंद, महेश्वरच्या त्या पांढऱ्या गादीचा अर्थ आता तिला वेगळा लागेल.

कडेपठार | ७ जानेवारी, रात्री ९:२५

पालघर भागातल्या मुलांना शिकवतो. आमच्याकडे पुस्तक घरात नसतंच. अनुताई वाघांची कुरणशाळा मात्र इथल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, मग शाळाच कुरणावर न्यायची. कोसबाडची टेकडी दाखवतो आणि सांगतो, इथे. एक मुलगा म्हणाला, "सर, मग गुरं पण शिकली असतील थोडी." अख्खा वर्ग हसला आणि मग सगळ्यांनी गुरांच्या शाळेचं चित्र काढलं. त्यात फळ्यापाशी लुगड्यातली अनुताई आहे. भिंतीवर लावलंय.

अंगतपंगत | ७ जानेवारी, रात्री ९:४०

कडेपठार, त्या चित्राचा फोटो टाका ना इथे!

दिवेलागण | ८ जानेवारी, सकाळी ७:०५

कबूल केलेलं दुसरं पत्र. २९ ऑगस्ट १८६८, नायगावहूनच. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी, दोघांचं प्रेम. मुलगी गरोदर. गावाने दोघांची धिंड काढली, जीव घ्यायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या आणि इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून मारेकऱ्यांना थांबवलं. दोघांना जोतीरावांकडे धाडलं, सोबत हे पत्र. आठवी-नववीच्या मुलांना हे जरूर द्या. जमावापुढे एकट्या बाईने उभं राहणं म्हणजे काय, ते आजच्या मुलांना कळलंच पाहिजे. आणि हे, नोंदवही, "लिहिलेलं आहे" :)

नोंदवही | ८ जानेवारी, सकाळी ९:००

दिवेलागणकाकू, नमस्कार.

लिंबोणी | १२ जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जिजाऊंची जयंती, शाळेत पुन्हा भाषणं होती, पण लेकीने यंदा नाव दिलं नाही. आठवडाभर आम्ही काय केलं ते लिहिते.

आधी चाफा. दोन संध्याकाळी कविता वाचल्या. जुनी मराठी असूनही तिने चालीवर म्हटल्या. मग १८५६ चं पत्र, दिवेलागणकाकूंनी सांगितलं तसं सोपं करून. मी वाचत होते, ती पोटावर पालथी पडून पाय हलवत ऐकत होती. भावाला सुनावलं तिथे पाय थांबले. "म्हणजे राग आला होता. पण शेणवाल्यांवर नाही काढला, भावावर काढला." मी म्हटलं, भाऊ जवळचा होता ना. तर म्हणाली, "मी पण दादावरच काढते."

मग पत्राच्या सुरुवातीची, आधी गाळलेली एक ओळ वाचली. ती मी वगळणारच होते, कारण ती ओळ तशी साधी आहे. इकडे मी आजारी, तिकडे फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं बाईंनी लिहिलंय. लेक ताडकन उठून बसली. "फातिमा कोण?"

फातिमा शेख, त्यांच्याबरोबर शिकवायच्या, असं मी सांगितलं. तेव्हापासून घरात फातिमाच चालू आहे. तिच्यावर पण शेण टाकलं का? तिला कुरकुर करावीशी वाटत नव्हती की वाटत होती पण करत नव्हती? सावित्रीबाई बऱ्या होईपर्यंत सगळे वर्ग एकटीने घेतले का? (मी "असेल" म्हटलं, नोंदवही.) भाषणात फातिमा का नव्हती, हेही विचारलं. ते मला विचारलं होतं, कारण भाषण मी लिहिलं होतं.

पुढच्या ३ जानेवारीला तिला फातिमाबाई व्हायचंय. काय नेसायच्या, केस कसे बांधायच्या, हे विचारते आहे. कुणाला काही माहीत आहे का?

दिवेलागण | १३ जानेवारी, सकाळी ७:००

एक जुना फोटो आहे. सावित्रीबाई बसलेल्या, शेजारी बसलेली बाई फातिमा म्हणून ओळखली जाते, आणि सोबत विद्यार्थिनी. लेकीला तो मोठा करून छापून द्या आणि रानवाट करते तसं, काही न बोलता पाच मिनिटं बघू द्या. नेसायचं काय ते तीच सांगेल. आणि सोबतच्या विद्यार्थिनी कोण होणार ते आत्ताच ठरवा, मैत्रिणी लागतील.